जॉयस्टिक, थ्रॉटल आणि कुरिअरवाल्यांचं ‘खेळणं’: माझा अनुभव

फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवण्यासाठी, जॉयस्टिक परदेशातून मागवणार असाल, तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारून घ्या: बिलावर आणि पार्सलवर वस्तूचं वर्णन काय लिहिणार? सेन्सर कुठला, स्प्रिंग कशी, बटणं किती, हे सगळं त्यानंतर. माझी जॉयस्टिक निवडायला जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त वेळ ती कुरिअर कंपनीच्या गोदामात पडून होती. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहते. मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे निघालेली विमानं आमच्या भागावरून खाली येत येत खाडी ओलांडतात. मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर २०२० मध्ये आला आणि त्याच वाटेने विमान उतरवायचं वेड लागलं. सुरुवात कीबोर्डवर केली. कीबोर्डवर विमान उडतं, पण धड उतरत नाही. कळ दाबली की ते झुकत राहतं, सोडली की सगळं शून्यावर. शेवटच्या पाचशे फुटांत तर या दोहोंच्या मधलंच सारं लागतं.

निवडताना आधी ठरवायचं ते हे, की उडवायचं काय. बोइंगमध्ये योक (गाडीच्या स्टिअरिंगसारखा) असतो, एअरबसमध्ये साइडस्टिक (बाजूला बसवलेली काठी). एअरबस ए३२० ची खरी साइडस्टिकसुद्धा स्प्रिंगवरच परत येते, विमानाच्या पंखांवरचा दाब हाताला जाणवत नाही. त्यामुळे टेबलावरची जॉयस्टिक एअरबसच्या जितकी जवळ जाते, तितकी योकवाल्या प्रवासी विमानाच्या जात नाही. सेसना १७२ उडवणार असाल तर थ्रॉटलशिवाय (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी लिव्हर) मिक्श्चरसाठी, म्हणजे इंधन आणि हवेच्या प्रमाणासाठी, आणखी एक लिव्हर हवी. लढाऊ विमानं असतील तर बोटांखाली भरपूर बटणं आणि हॅट स्विच (अंगठ्याने चारी बाजूंना ढकलायचं बटण) हवेत, कारण तिथे हात काठीवरून आणि थ्रॉटलवरून उचलायचाच नसतो. दुकानात ज्याला ‘हॉटास’ म्हणतात ते हेच.

मला ए३२० हवं होतं, तेही कॅप्टनच्या खुर्चीतून. कॅप्टन डावीकडे बसतो, म्हणजे साइडस्टिक डाव्या हातात आणि थ्रॉटल उजव्या. इथेच अर्धी यादी गळाली. बाजारात मिळणारे बहुतेक जोड उजव्या हातात काठी धरून बनवलेले असतात.

स्वस्तात सुरुवात करायची तर लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो अनेक वर्षं चालत आली आहे. काठी पिळली की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) चालतो आणि तळाशी थ्रॉटलची छोटी पट्टी असते. आत पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर घासत फिरतो. घासणारी वस्तू झिजते, मग काठी स्थिर असताना आकडे थरथरायला लागतात. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम मध्ये मुख्य काठीला हॉल सेन्सर आहे. तिथे चुंबकाची जागा मोजली जाते, घासत काहीच नाही. तिची मूठ कुठल्याही हाताला बसवता येते. या किमतीत मी कुणालाही हीच घ्यायला सांगेन. पण दोन्ही हातांना चालणारी मूठ कुठल्याच हाताला पूर्ण बसत नाही, आणि मला स्प्रिंगही बदलता यायला हवी होती. लांबच्या उड्डाणात माझं मनगट भरून येतं.

म्हणून व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्हो, डाव्या हाताची. सेन्सर न घासणारे, स्प्रिंगा बदलता येतात आणि आतले क्लच (घर्षण वाढवणारे भाग) आवळले की काठी मधोमध येताना हिसका देत नाही. थ्रॉटलसाठी थ्रस्टमास्टरचा टीसीए क्वाड्रंट (लिव्हरांचा संच), एअरबस आवृत्ती. आयडल, क्लाइंब, फ्लेक्स आणि टोगा या (सर्वांत कमी ते पूर्ण ताकदीच्या) जागांवर त्याची लिव्हर खट्कन अडते, अगदी ए३२० सारखी. सेसना उडवताना त्याची एक लिव्हर थ्रॉटलला आणि दुसरी मिक्श्चरला लावता येते. क्वाड्रंट इथेच जीएसटी बिलासकट मिळाला. डाव्या हाताची जॉयस्टिक मात्र वाशीत नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही नाही. मग बाहेरून मागवली.

पार्सल मुंबईत पोचल्याचा मेसेज आला आणि तिथून पुढे सगळं थांबलं.

आधी केवायसी. परदेशातून कुरिअरने वस्तू आली की ओळखपत्र द्यावं लागतं, ते ठीक आहे. माझ्या आधारवर अजून साताऱ्याचा पत्ता आहे आणि पार्सलवर कोपरखैरण्याचा. यावर माझा अर्ज नाकारला गेला, पण कारण कुठेही दिसेना, नुसतं ‘अपूर्ण’. महावितरणचं बिल जोडलं तेव्हा पुढे सरकलं. तुमचाही आधार गावच्या पत्त्यावर असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि आधार एकाच पीडीएफमध्ये जोडून ठेवा. दोन वेगळ्या फाइल टाकल्या की दुसरी पहिलीला पुसते.

मग हेल्पलाइनवरून फोन आला. पलीकडच्या मुलाने विचारलं, “मॅडम, गेमचं आहे ना? मुलासाठी मागवलंय का?” मी म्हटलं, “नाही, माझ्यासाठी. कॉम्प्युटरला लावायची जॉयस्टिक आहे.” तो “ओके मॅडम” म्हणाला. दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंगवर वस्तूचं वर्णन ‘खेळणं’ असं झालं होतं आणि माझ्याकडे बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र मागितलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण हा शिक्का वरवरचा नाही. खेळण्यांसाठी केंद्र सरकारचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यात बीआयएसची मान्यता सक्तीची आहे. ती कारखान्याला मिळते, घरी एक वस्तू मागवणाऱ्या बाईला नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्कही २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणजे कुणीतरी एक चुकीचा शब्द टाइप केला की तुमच्याकडे जो कागद कधीच असू शकत नाही तोच मागितला जातो, आणि तोवर गोदामाचं भाडं चढत राहतं.

मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.’ पार्सल जागचं हललं नव्हतं. पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. हेल्पलाइनवर दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून गोष्ट. एकाने सुचवलं, “मॅडम, पार्सल परत पाठवायला सांगा ना.” परतीचं भाडं माझ्याच माथी! ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी कानाला फोन लावून ऐरोलीच्या रस्त्यावर फेऱ्या मारायची. संतापाने हात थरथरायचे.

शेवटी अर्धा दिवस रजा टाकून कंपनीच्या महापेच्या कार्यालयात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “ताई, सिस्टिममध्ये टॉय दिसतंय. इथून काही होत नाही, सगळं सहारला, विमानतळावर होतं.” मी म्हटलं, “मग सहारला ज्यांच्या हातात आहे त्यांचा मेल आयडी द्या, नाहीतर इथल्या साहेबांना भेटवा.” बराच वेळ बसल्यावर क्लिअरन्सचं काम बघणाऱ्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी माझं पत्र उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं वाचणारी ती पहिली व्यक्ती.

त्या पत्राचा मला अभिमान आहे, म्हणून त्यातले मुद्दे सांगते. एक, खेळण्यांच्या त्याच गुणवत्ता आदेशाप्रमाणे खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू. ही तशी नाही, आणि मागवणारी मी प्रौढ आहे, पॅन कार्ड सोबत जोडलं आहे. दोन, ही वस्तू संगणकाला जोडल्याशिवाय काहीच करत नाही, तिला स्वतःचा पडदा नाही की आवाज नाही. तीन, आणि हा सगळ्यात भक्कम: जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये ८४७१ या शीर्षकाखाली, म्हणजे संगणक आणि त्याच्या जोडउपकरणांमध्ये, माउस, लाइट पेन, ट्रॅक बॉल यांच्या रांगेत जॉयस्टिकचं नाव चक्क लिहिलेलं आहे. सोबत उत्पादकाच्या पानाची प्रत, बिल आणि पैसे भरल्याची पावती. पत्र एका पानाचं ठेवा. दुसरं पान कुणी उलटत नाही.

बाई म्हणाल्या, “हे आधी कुणी वर पाठवलंच नाही.” तेव्हा कळलं की कस्टम्सच्या अधिकाऱ्यांसमोर माझा कागद गेलाच नव्हता. सरकारी पातळीवर कुणी काही अडवलं नव्हतं. कंपनीच्याच टेबलावर कुणीतरी मनाने ‘खेळणं’ लिहून ठेवलं होतं आणि बाकीचे ते वाचत बसले होते. बाईंनी माझ्यासमोर वर्णन बदलून ‘संगणकाचं इनपुट उपकरण’ केलं आणि मेल पाठवला. मग गाडी सुटली. शुल्काची लिंक आली, मी पैसे भरले आणि पार्सल दारात आलं.

शुल्काबद्दल एक सांगायचं राहिलं. ते फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), आणि वर कुरिअर कंपनीचा स्वतःचा आकार. महागड्या जलद कुरिअरने मागवलं की करही त्या प्रमाणात वाढतो. नातेवाइकांकडून ‘भेट’ म्हणून पाठवून घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांचा अपवाद सोडता डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि गेममध्ये जायच्या आधी विंडोजमध्ये रन उघडून ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) चालवा. तिथे प्रत्येक अक्ष कुठे जातो ते सरळ दिसतं. काठी सोडल्यावर खूण मधोमध स्थिर राहिली पाहिजे. हे पहिल्याच दिवशी तपासा, बदलून घ्यायची मुदत थोडीच असते. दुकानात जुना जोड बघायला गेलात तरी लॅपटॉप नेऊन हीच परीक्षा घ्या.

सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायर या गटाने बनवलेलं ए३२० मोफत आहे. ते वापरणार असाल तर त्याच्या फ्लायपॅडमध्ये (कॉकपिटमधला टॅबलेट) थ्रॉटलचं कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं. आयडलपासून टोगापर्यंत प्रत्येक खाच एकदा नोंदवायची. ते न करता बरेच जण क्वाड्रंटला नावं ठेवतात. टेबलाच्या उंचीकडेही बघा. आपल्याकडच्या टेबलाला कीबोर्डसाठी सरकता ट्रे असतो, त्यावर काठी ठेवली की ओढताना ट्रेच पुढे येतो. मी जॉयस्टिक खुर्चीच्या डाव्या बाजूला एका कमी उंचीच्या स्टुलावर पक्की बसवली आहे. हात खुर्चीच्या हातावर टेकतो आणि फक्त मनगट हलतं.

स्प्रिंग सगळ्यात हलकी लावली, क्लच थोडे आवळले. दुसऱ्याच संध्याकाळी ए३२० खाडीवरून २७ वर अलगद टेकवलं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, त्याच्या ३७०० मीटरच्या धावपट्टीवर आता सराव चाललाय. काठी पिळून रडर चालवताना आडव्या वाऱ्यात नकळत थोडं विमानही झुकतं, म्हणून रडरची पेडल्स घ्यायची आहेत. ती इथल्याच दुकानातून, जीएसटी बिलावर घेणार. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.