आमची वाटचाल : टारबॉल ते चालता प्रोग्रॅम

सोर्स कोड मिळाला म्हणजे प्रोग्रॅम मिळाला असं होत नाही. मधलं काम आमची फर्म करते. प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या, जुने सर्व्हर सांभाळणारे अ‍ॅडमिन आमच्याकडे टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) पाठवतात. तक्रार बहुधा ठरलेली असते: एका मशीनवर बिल्ड होतं (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनतो), दुसऱ्यावर होत नाही.

आम्ही दोघांनी काम सुरू केलं तेव्हा येणारी मशीन्स जवळपास एकसारखीच होती, सगळीकडे लिनक्स. कॉन्फिगर (मशीनची तपासणी), मेक (बिल्ड), मेक इन्स्टॉल (बसवणं), आणि मध्येच कुठेतरी गाडी अडलेली. बऱ्याचदा लायब्ररी (तयार कोडचा संच) मशीनवर असायची, तिच्यात काय आहे ते सांगणाऱ्या हेडर फाइल्स नसायच्या. डेबियन-उबुंटूवर त्या नावाला ‘डेव्ह’ जोडलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात, फेडोरावर ‘डेव्हेल’मध्ये. तयार प्रोग्रॅम चालवायला नुसती लायब्ररी पुरते, बिल्ड करायला हेडर लागतंच. त्यामुळे ‘ओपनएसएसएल तर आहे की’ असं ग्राहक त्या लायब्ररीबद्दल म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

पहिल्यापासून एक शिस्त ठेवली: शेवटची एरर सोडायची आणि पहिली शोधायची. मेकची शेवटची ओळ काहीतरी फसलं एवढंच सांगते. समांतर जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) चालू असतील तर मूळ एरर शेकडो ओळी वर गाडली जाते. म्हणून आम्ही आधी एकाच जॉबवर मेक पुन्हा चालवतो. कॉन्फिगर अडलं असेल तर कॉन्फिग-डॉट-लॉग ही त्याची नोंदफाइल उघडतो. स्क्रीनवर झेडलिब नावाच्या लायब्ररीबद्दल फक्त ‘सापडली नाही’ असं येतं. लॉगमध्ये कॉन्फिगरने लिहिलेला चिमुकला चाचणी-प्रोग्रॅम, त्याला दिलेली पूर्ण कमांड आणि कम्पायलरचं (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमचं) उत्तर, तिन्ही असतात. तिथे कळतं की हेडर सापडलं होतं, पण लिंक करताना (कोडला लायब्ररी जोडताना) ३२ बिटची लायब्ररी पुढे आली आणि नाकारली गेली. आमच्या धंद्याचा पाया ती फाइल नीट वाचण्यावर उभा आहे असं मी मनापासून मानतो.

२०२० साली जीसीसी १० (सी कम्पायलरची नवी आवृत्ती) आलं आणि कामाचं स्वरूप बदललं. हेडरमध्ये ‘एक्सटर्न’ (व्याख्या दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) न लावता ग्लोबल व्हेरिएबल लिहायची जुन्या सी प्रोग्रॅम्सची सवय तोवर खपून जात होती. नव्या जीसीसीने डीफॉल्ट बदलला आणि वर्षानुवर्षं बिल्ड होणारा कोड ‘मल्टिपल डेफिनिशन’ (एकाच नावाच्या अनेक व्याख्या) म्हणत लिंकिंगला पडू लागला. जुनी वागणूक परत आणणारा फ्लॅग (कम्पायलरला द्यायचा पर्याय) आहे, घाई असेल तेव्हा आम्ही तो देतोही. पण पक्की दुरुस्ती हेडरमध्येच करतो.

२०२४ च्या जीसीसी १४ ने त्याहून अवघड प्रसंग आणला. जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, आता थेट एरर येते. बिल्ड पडलं तर निदान दिसतं तरी. पण जुन्या कॉन्फिगरच्या चाचण्यासुद्धा अशाच ढिल्या सी मध्ये लिहिलेल्या असतात. चाचणी कम्पाइल झाली नाही की कॉन्फिगर समजतं, ही सोय या मशीनवर नाहीच. मग बिल्ड बिनबोभाट पूर्ण होतं आणि प्रोग्रॅममधून एक सोय गायब झालेली असते. त्यामुळे जुन्या आणि नव्या कम्पायलरवर तयार झालेल्या कॉन्फिग-डॉट-एच फाइल्स (कॉन्फिगरला सापडलेल्या सोयींची यादी) शेजारी ठेवून तुलना करणं हा आता आमच्या प्रत्येक कामाचा भाग आहे.

एआरएम (वेगळ्या जातीचा प्रोसेसर) सर्व्हर आले तसे आम्ही त्या जातीचं मशीनही घेतलं, नुसत्या एम्युलेटरवर (त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) भागवायचं नाही असं ठरवून. एका ग्राहकाचा प्रोग्रॅम तिथे विनातक्रार बिल्ड व्हायचा, पण फाइल वाचायला लागला की थांबायचाच नाही. वाचलेलं अक्षर ‘कॅर’ या एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याची तुलना ईओएफ या फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे उणे एकशी केली होती. एक्स८६ वर (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) कॅर चिन्हासह असतो, उणे संख्या धरतो, म्हणून जमून जायचं. एआरएम लिनक्सवर तो चिन्हरहित. तिथे उणे एकचे २५५ होतात आणि लूप संपतच नाही. ‘कॅर’च्या जागी ‘इंट’ हा मोठा प्रकार लिहिला, झालं.

तयार बायनरी वेगवेगळ्या सर्व्हरवर न्यायची असेल तर बिल्ड ग्राहकाच्या सर्वांत जुन्या सिस्टिमच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) करतो. जुन्या जीलिबसीवर (लिनक्सच्या पायाभूत सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर सहसा चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर नेला की ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ असा निरोप ठरलेला.

काम सोपवताना बायनरीसोबत कम्पायलरची आवृत्ती, पॅकेजेसची यादी, फ्लॅग आणि प्रत्येक पॅच (कोडमधली दुरुस्ती) कारणासह देतो. ग्राहकाला पुढच्या वेळी आमची गरज पडू नये इतकं ते पुरेसं असावं, असा आग्रह आहे. पॅच मूळ प्रकल्पाकडेही पाठवतो आणि त्याचे पैसे लावत नाही. तो स्वीकारला गेला की ग्राहकाच्या पुढच्या बिल्डमधून आमची प्रत काढून टाकतो.

नवीन काम पाठवणाऱ्यांना विनंती एवढीच: स्क्रीनशॉट नको, संपूर्ण लॉग मजकूर म्हणून पाठवा. प्रोसेसर कोणता, सिस्टिम कोणती, कम्पायलरची आवृत्ती काय हे लिहा, आणि जिथे बिल्ड झालं त्या मशीनचीही हीच माहिती जोडा.