सकाळी दहा, दुपारी अठ्ठावीस: नागपूरसाठी जॅकेट शोधताना

नागपूरचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, थंडी मात्र सांगावी लागते. 29 डिसेंबर 2018 ला, शनिवारी, इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या सकाळी मी मनीषनगरहून गाडीवर शाळेत गेले आणि पोचल्यावर दहा मिनिटं हातात खडू धरता येईना. असे दिवस मोजकेच. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे 10-12 अंश आणि दुपारी 28, हे दर वर्षीचंच. माझी शाळा सातची. साडेसहाला निघताना दात वाजतात आणि साडेबाराला परत येताना कपाळावर घाम असतो.

स्वेटर होता, पण गाडीवर स्वेटरचा उपयोग निम्माच. विणीतून वारा सरळ आत शिरतो. जुनं जाड जॅकेट उबदार होतं, पण डब्यासोबत ते डिकीत मावायचं नाही. मग दुपारी ते कमरेला बांधून मी घरी यायची. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्यासुद्धा, "काहून वं, इतकं मोठं गाठोडं घेऊन फिरून राहिली?" त्यांचं खरंच होतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक पातळ डाउन जॅकेट मागवलं. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ लव. वजनाच्या मानानं तिच्याइतकी ऊब क्वचितच कशात मिळते, ही गोष्ट खरी आहे. ते ओंजळीत मावायचं, मी फार खूश होते. आठवडाभरात शिलाईतून बारीक पिसं डोकावू लागली. काळ्या कुर्त्यावर रोज दोन-तीन चिकटलेली असायची. मग एका रविवारी गोरेवाड्याला पक्षी बघायला गेले. दव इतकं होतं की गवतातून चालताना बाह्या ओल्या झाल्या, आणि आतली लव गोळा होऊन एका कोपऱ्यात बसली. बाही चिमटीत धरली तर दोन कापडांच्या मध्ये काहीच लागेना. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी टॅग कापला म्हणून परत घेतलं नाही. पैसे गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते आपण न समजता घेतल्याचं.

नंतर नीट वाचलं, लोकांना विचारलं. ऊब कापडाची नसतीच, कापडात अडकून राहिलेल्या हवेची असते. लव भिजली की दबते, हवा निघून जाते आणि ऊबही. पॉलिस्टरच्या तंतूंचं भरण ओलं झालं तरी बऱ्यापैकी फुगलेलं राहतं आणि लवकर वाळतं. ते तेवढ्याच उबेला थोडं जड पडतं, पण आपल्याला हिमालयात जायचं नाहीये. या भरणाचं माप जीएसएममध्ये देतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. 40 चं अगदी हलकं, 60 मधलं, 100 च्या पुढे गेलं की नागपूरला दहा वाजताच नकोसं होतं. मी 60 ठरवलं आणि तेही शर्टाच्या घाटाचं. दुकानदार याला शॅकेट म्हणतात. कॉलर, समोर टिचबटणं, मनगटाला कफ. वर्गात घालून उभं राहिलं तर कपडे घातल्यासारखं दिसतं, ट्रेकला निघाल्यासारखं नाही. आणि गरम होऊ लागलं की वरची दोन बटणं उघडायची, मग बाह्या दुमडायच्या, मग काढायचं. चेनच्या जॅकेटच्या बाह्या अशा दुमडता येत नाहीत.

खरी शिकवणी झाली ती स्वेटर मार्केटमध्ये. थंडीत तिबेटी लोकांची दुकानं लागतात तिथे. एक मावशी गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतल्या होत्या. त्यांच्याकडे माझ्या मापाचं नव्हतं, तरी त्यांनी मला एक शर्ट उजेडासमोर धरून दाखवला. भरण कुठे दाट, कुठे विरळ, सगळं ढगांसारखं दिसलं. शिलाईच्या रेघेवर तर भरण नसतंच, तिथून थंडी आत येते. रेघा जितक्या कमी तितकं बरं, पण फारच लांब-लांब असतील तर भरण धुण्यात सरकतं. मग त्यांनी कापड मुठीत दाबून सोडलं आणि म्हणाल्या, "देखो, कितनी जल्दी उठता है." तेव्हापासून मी प्रत्येक जॅकेट आधी उजेडात धरते, मग मुठीत.

पुढची अडचण बायकांच्या मापाची. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चार दुकानं फिरले. बायकांचं म्हणून जे दाखवत ते कमरेपर्यंतच, कुर्त्यावर अर्धवट लटकणारं, आणि खिसे नुसते शिवलेले. हात घालायला जागाच नाही! किल्ली, मोबाइल, रुमाल ठेवायचा कुठे? शेवटी पुरुषांच्या रॅकवरचं स्मॉल मागितलं. लांबी नितंबांपर्यंत, चार खरे खिसे, एक आतून.

घालून बघताना मी आरशासमोर उभी राहिले नाही. दुकानातल्या स्टुलावर बसले आणि हॅंडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. पहिल्या जॅकेटची बाही मनगटाच्या चार बोटं वर गेली. गाडीवर वारा नेमका तिथूनच आत शिरतो आणि कोपरापर्यंत चढतो. दुसऱ्याची बाही मनगटावरच राहिली, कफची दोन टिचबटणं होती, आतलं लावलं की घट्ट. पाठीतही ताण नव्हता. मग आतून कुर्ता आणि पातळ स्वेटर दोन्ही घालून पुन्हा तसंच बसून पाहिलं. दुकानातल्या मुलाला नवल वाटलं असावं, पण त्यानं शांतपणे थांबू दिलं.

रंग मेहंदी हिरवा घेतला. लाल फार आवडला होता, पण पेंचच्या जंगलात सिल्लारी गेटमधून उघड्या जिप्सीत जायचं तर भडक रंग नको. कापड जरा जाडसर नायलॉनचं निवडलं. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. 20 डेनियरचं कापड बोरीच्या काट्याला टिकत नाही. आणि बाह्या एकमेकींवर घासून ऐकल्या. काही कापडं इतकी सळसळतात की झुडपातला पक्षी उडून जाईल.

किंमत 2,400 पडली. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, 410 ग्रॅम.

या थंडीत रोज वापरलं. पेंचच्या पहाटे आत आणखी एक लोकरी थर लागला, 60 चं भरण एकटं तिथे पुरत नाही. शाळेला जाताना मात्र एवढंच बास होतं, आणि साडेबाराला ते घडी होऊन डिकीत डब्याच्या वर बसतं. दोनदा घरीच धुतलं, पातळ साबणानं, गार पाण्यात. कपडे मऊ करायचं द्रव टाकलं नाही, त्यानं वरचा पाणी झटकणारा लेप बिघडतो. पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. मार्च लागला की गोधड्यांखाली दाबून ठेवणार नाही, महिनोन्‌महिने दबलेलं भरण पूर्ण फुगत नाही. कपाटात हॅंगरला जागा करून ठेवली आहे.