तुम्ही विचारलंत म्हणून: सही कोणाची?

"खरं सांगा मॅडम, कारभार तुम्ही बघायचात की साहेब?"

मी गावची माजी सरपंच. ग्रामपंचायतीच्या नव्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. तिथं चहाच्या सुट्टीत हा प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून येतो. विचारणारा बहुतेक वेळा आधीच हसलेला असतो, म्हणजे उत्तर त्याला ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय.

तर ऐका. पहिलं दीड वर्ष साहेबच बघायचे. साहेब म्हणजे आमचे मिस्टर. मी सरपंच व्हायच्या आधी त्यांना गावात कुणी साहेब म्हणत नव्हतं.

2017 साली सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि आमच्या गावाला महिला आरक्षण पडलं. पॅनलप्रमुख घरी आले. मी चहा टाकला. "वहिनींचे कागद काढून ठेवा" एवढं मिस्टरांना सांगून ते उठले. मग शौचालयाचा दाखला, अपत्यांचं प्रतिज्ञापत्र, सगळं गोळा झालं. वहिनींना उभं राहायचंय का, हे मात्र विचारायचं राहून गेलं. बॅनरवर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. निवडून मी आले आणि मोटारसायकलवर 'सरपंच' अशी लाल पाटी त्यांनी लावली. मी त्या पाटीच्या मागं, एका बाजूला पाय सोडून बसायची.

मासिक मिटिंग झाली की भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, प्रोसिडिंग, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, घेऊन घरी यायचे. मी भाकरी टाकत असले तर पदराला हात पुसून सही करायची. कधी चेकवर, कधी अर्ध्या कोऱ्या पानावर. 'ठराव सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं असायचं. त्या सर्वांत मीही होते, हे मला सही करताना कळायचं.

मला कुणी जागं केलं म्हणाल, तर ऑडिटनं. रस्त्यावरच्या दिव्यांची खरेदी दरपत्रक न मागवताच झालेली. 38 हजारांचा आक्षेप निघाला आणि खुलाशाची नोटीस आली ती सरळ माझ्या नावानं. वसुली लागली तर ती सरपंचाकडून आणि ग्रामसेवकाकडून, असं भाऊसाहेब म्हणाले. मिस्टरांचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं. मान त्यांना, वसुली मला. त्या रात्री मी चेकबुक माझ्या शिलाई मशीनच्या खणात टाकलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या पोतीला अडकवली. दहा दिवस घरात अबोला होता. तो मोडला सासूबाईंनी. म्हणाल्या, "नोटीस हिच्या नावाची, तर वाचू दे की हिला."

वाचायला लागल्यावर कळलं की दडवून काही ठेवलेलंच नव्हतं. ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यातच आहे. आमच्याकडं ती दर वेळी व्हायची, पण रजिस्टरमध्ये. अंगणवाडी ताई घरोघर फिरून सह्या आणायच्या. मी ती पहिल्यांदा खरोखर घेतली, मारुतीच्या पारावर, दुपारी तीनला, भांडी झाल्यावर. चाळीसएक बायका आल्या. मला वाटलं गटारं मागतील, दारूबंदी मागतील. पाऊण तास कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पाणी उजाडल्यावर सोडाल का?"

आमच्याकडं नळाला पाणी पहाटे साडेतीनला यायचं. का? तर पाणी सोडणाऱ्या गड्याला व्हॉल्व्ह फिरवून स्वतःच्या रानात जायचं असायचं. टाकी तर रात्रीच भरलेली असायची. म्हणजे एवढी वर्षं गावातली प्रत्येक बाई साडेतीनला उठत होती ती एका माणसाच्या सोयीसाठी, आणि ते बदलायला एक रुपयाही लागणार नव्हता. तरी मला तीन महिने लागले. ग्रामसभेत विषय होता स्वागत कमानीचा. माझा ठराव वाचला तेव्हा एकजण म्हणाला, "वहिनी, हे घरातलं झालं, गावाचं बोला." पुढच्या सभेला पारावरच्या बायकाच येऊन बसल्या. पुरुषांनी सतरंजीवर जागा करून दिली नाही, त्या चपलांपाशी बसल्या. पण हात वर झाले तेव्हा ते मोजावे लागले. पाणी साडेसहाला येऊ लागलं. कमानही झाली पुढं, ती टळत नसते.

मताचं म्हणाल तर ते आम्हाला कधीच मिळालंय. मुंबई इलाख्यात 1921 सालीच मिळालं, अर्थात जिच्या नावावर मालमत्ता असेल तिला. आणि मालमत्ता बाईच्या नावावर असायची कुठं? स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मिळालं. पण 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. प्रशिक्षणात मी हे सांगते तेव्हा बायका हसतात. मग मी विचारते, गावात तुम्हाला हाक कशी मारतात? वहिनी, काकू, सरपंचीणबाई. हसणं थांबतं.

खुर्ची आली ती 1993 ला, 73 व्या घटनादुरुस्तीनं, पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रात 2011 ला निम्म्या झाल्या. पण सरपंचाची राखीव खुर्ची फिरती असते, आज इथं, पाच वर्षांनी शेजारच्या गावात. बसता आलं म्हणून टिकता येतं असंही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असं म्हणत अपात्र ठरवलं होतं. त्या पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा 2024 ला पद परत मिळालं. एक बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलेलं नाही, अशा अर्थाचं न्यायालयच बोललं. गावातलं राजकारण दिल्लीत कळायला एवढी पायपीट.

सरपंचाच्या नवऱ्यानं कारभार केला तर कडक दंड करा, अशी शिफारस 2025 ला केंद्राच्या एका समितीनं केली आहे. करा. पण त्या दंडाची नोटीस कुणाच्या नावानं येणार, ते आधी बघा.

माझ्या शेवटच्या दोन-अडीच वर्षांत चेकबुक मागं पडलं आणि डिजिटल सहीचा डोंगल आला. वित्त आयोगाचे पैसे काढायचे तर आधी ग्रामसेवकाची डिजिटल सही, मग सरपंचाची. अंगठ्याएवढी वस्तू. तालुक्याच्या मिटिंगला आम्ही बारा-तेरा महिला सरपंच असायचो. एकदा मी सहज विचारलं, डोंगल कुणाकुणाकडं आहे? तिघींनी पर्स उघडली. बाकीच्यांचे भाऊसाहेबांकडं, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. एकीनं विचारलं, "डोंगल म्हणजे ते नेटचं ना?"

2022 च्या शेवटी मुदत संपली, जागा खुली झाली. पॅनलप्रमुख पुन्हा आले. या वेळी चहा मिस्टरांनी टाकला. बरा करतात आता. "वहिनींनी खूप केलं, आता आरक्षण नाही, दादांना करू द्या," ते म्हणाले. दादा म्हणाले, "मला नाही जमायचं ते ऑडिट." मी अपक्ष फॉर्म भरला. 112 मतांनी पडले. पारावरच्या चाळीसजणींनी मत दिलं असावं असं मला वाटतं. त्यांच्या घरच्यांनी नाही.

आता सरपंच पुरुष आहे. बरा आहे मुलगा, दहावी झालेला. त्याचा डोंगल थोरल्या भावाच्या खिशात असतो, प्रोसिडिंगही थोरल्याच्याच वाड्यावर जातं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कारभार कोण बघतं, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.