मोजके कपडे: आकडा धुण्यावरून ठरवा

पुरुषांच्या मोजक्या कपड्यांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्या बहुतेक थंड देशांतल्या. त्यांतले ओव्हरकोट आणि जाड स्वेटर मुंबईत किंवा कोकणात कपाटात कुबट वास धरतात. आपल्याकडे आकडा घाम आणि पाऊस ठरवतात.

घामामुळे शर्ट एका दिवसात धुण्याला पडतो. दर तिसऱ्या दिवशी धुणं आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस, असं धरा. तीन धुण्यात, दोन अंगावर घालायला, एक इस्त्रीला: सहा शर्ट झाले. पँट दोन दिवस चालते, म्हणून तीन पुरतात: नेव्ही, राखाडी, खाकी. शर्टांत दोन पांढरे, तीन फिकट निळे, एक बारीक रेघांचा. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर गेलाच पाहिजे, मग १८ जोड्या होतात. जीन्स एकच ठेवा आणि जून ते सप्टेंबर ती बाजूलाच असू द्या, कारण तिचा कमरपट्टा आणि खिसे आतून ओले राहतात आणि वास तिथूनच येतो.

रोजच्या शर्टाला पॉपलिन, म्हणजे पातळ, घट्ट विणीचं कापड घ्या. ऑक्सफर्ड टिकाऊ, पण जाड असल्याने सावकाश वाळतं. निव्वळ पॉलिस्टर झटकन वाळतं खरं, पण घामाचा वास त्यातून लवकर जात नाही.

शिवून घेणार असाल तर फुल शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन मीटर, ५८ इंच पन्ह्याचं साधारण १.६ मीटर कापड लागतं. पँटला ५८ पन्ह्यात सव्वा मीटर. सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. हे अनेकजण टाळतात आणि पहिल्याच धुण्यात फसतात. कोरं कापड ३ टक्के जरी आटलं, तरी १६ इंचांची कॉलर जवळजवळ अर्धा इंच कमी होते आणि वरचं बटण लागत नाही. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया (आत सोडलेलं जादा कापड) आणि तळाला दोन इंच दुमड ठेवायला आवर्जून सांगा. पोट वाढलं तरी पँट वाया जात नाही.

तयार शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. कंबर आणि लांबी शिंपी सहज कमी करतो, खांदा मात्र उसवून नव्याने बसवावा लागतो. त्याला पैसे जातात आणि तो क्वचितच नीट बसतो.

शर्ट आधी विरतो तो कॉलरच्या घडीवर. बाकी कापड धड असेल तर कॉलर उलटून घ्या. जुने शिंपी हे काम अजूनही करतात. खालची बाजू त्याच कापडाची आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.