आमची वाटचाल : ट्रान्समीटर ‘वीक’ नसतो

“ट्रान्समीटर वीक आहे, दुसरा द्या.” गोरेगावच्या आमच्या गाळ्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी हे वाक्य घेऊन येतं. आम्ही शूटिंगचे कॉर्डलेस माइक भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो : कपड्यात लपवायची बारीक लॅपल, तिचा आवाज रेडिओवरून पाठवणारा ट्रान्समीटर आणि तो पकडणारा रिसीव्हर. मी चहा सांगतो आणि विचारतो, एकाच लॅपलचा आवाज कमी येतोय की सगळ्यांचा? निम्मी मंडळी इथेच गप्प होतात, कारण हे कुणी बघितलेलंच नसतं. सगळे कमी असतील तर रिसीव्हरचं आउटपुट माइक लेव्हलवर (हलक्या सिग्नलवर) आणि मिक्सरचं इनपुट लाइनवर (जोरदार सिग्नलवर) ठेवलेलं असतं. तिथे ट्रान्समीटरला शिव्या देऊन काय उपयोग? एकच कमी असेल तर लॅपल, तिचं कनेक्टर आणि ट्रान्समीटरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), एवढ्यातच चोर सापडतो. दुकान बंद पडायची वेळ आली होती ती याच एका वाक्यापायी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा धंदा मी एकट्याने उभा केला नाही. आमचे मास्तर लॅमिंग्टन रोडला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. नाग्राचं, म्हणजे शूटिंगवरच्या टेपरेकॉर्डरचं, डेक उघडून बसले की जेवायची शुद्ध नसायची. मी तेव्हा एका स्टुडिओत केबल गुंडाळणारा पोरगा. हिंदी चित्रपट तेव्हा सर्रास डबिंगवर चालत. कॅमेऱ्याची घरघर एवढी, की सेटवरचा आवाज नुसता पायलट म्हणून, डबिंगच्या वेळी संदर्भाला, घ्यायचा. २००१ साली ‘लगान’ सिंक साउंडवर, म्हणजे सेटवरच्या खऱ्या आवाजावर, झाला आणि निर्माते हळूहळू ‘लोकेशन साउंड’ असं बोलू लागले. मास्तर म्हणाले, आता हे कॉर्डलेस घेऊन सगळे पळणार आणि त्यातले निम्मे बिघडवून आणणार. आपण भाड्याने द्यायचे आणि दुरुस्तही करायचे. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे माझ्या आईच्या पाटल्यांचे.

मास्तरांची हत्यारं अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहेत. बारीक टोकाची हक्कोची सोल्डरिंगची इस्त्री, घड्याळजीचं भिंग, दोन चिमटे, अर्ध्या मिलिमीटरची सोल्डर तार. लॅपलची वायर केसाएवढी. आतल्या तारांवर लाखेचा मुलामा असतो. तो नीट जळला नाही तर सोल्डरचा डाग वरून चकचकीत दिसतो, आत पकड नसते. दोन शॉट चालतो, तिसऱ्याला आवाज बसतो. मास्तर डाग लावून झाला की वायर कानाजवळ धरून हलकेच वाकवायचे. काय ऐकायचे ते मला कधीच कळलं नाही, पण त्यांचा डाग परत आलेला मी पाहिला नाही.

त्यांनी बनवलेली खरी चीज म्हणजे पत्र्याचा डबा. आत नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर; बाहेर लॅपलसाठी सॉकेट आणि मिलिव्होल्टमीटरला जायला दोन टोकं. जोडीला ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेल्या जोराचा आवाज काढणारं यंत्र. कॅलिब्रेटरचं तोंड मोजमापाच्या मोठ्या माइकसाठी असतं, त्यात लॅपल हरवून जाते. मास्तरांनी नायलॉनचा तुकडा लेथवर कातून घेतला आणि मधोमध लॅपलच्या मापाचं भोक पाडलं. ९४ डेसिबल म्हणजे एक पास्कल आवाजाचा दाब. त्यामुळे मीटरवर जे मिलिव्होल्ट दिसतात, तीच त्या लॅपलची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्या आवाजाला ती किती सिग्नल देते ते. वादच नको. सँकेन कंपनीची साधी सीओएस-११डी लॅपल लावली की काटा १७-१८ मिलिव्होल्टवर जातो. घामाने किंवा पॅनकेक मेकअपने जाळी बुजलेली असली तर कमी दाखवतो. नाक दाबून बोलल्यासारखा आवाज ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

पहिलं गिऱ्हाईक तात्या. साउंड रेकॉर्डिस्ट, स्वभावाने तिरसट, पैशाला चोख. सेट उचलायला स्वतः यायचे, मदतनिसाला पाठवायचे नाहीत. एकेक लॅपल डब्यावर लावून बघायचे आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहायचे. परत आणतानाही पुन्हा तेच. “तुझी खराब करून आणली असं उद्या म्हणायचा नाहीस,” हे वर. तात्या नसते तर आज हे लिहायला मी उरलो नसतो. ते पुढे येईलच.

मधली वर्षं चांगली गेली. गाळा भाड्याचा होता तो आपला झाला, मुलगी इंजिनिअर झाली. मास्तर गेले. त्यावर जास्त लिहीत नाही.

मग वाईचं प्रकरण.

एका मोठ्या मालिकेचं चित्रीकरण वाई-मेणवली भागात लागलं. काम मोठं, म्हणून आम्ही कर्ज काढून लेक्ट्रोसॉनिक्स कंपनीचे नवे ट्रान्समीटर घेतले. लाइन प्रोड्यूसरने (चित्रीकरणाचा खर्च सांभाळणाऱ्याने) घासाघीस करून दर पाडलाच आणि वर म्हणाला, लॅपल तुमच्याकडून नको, त्या दुसरीकडून स्वस्त मिळतायत. ती दुसरीकडची जागा म्हणजे आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडचा एक व्यापारी. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं की लॅपल आणि ट्रान्समीटर एका घरचे घ्या, नाहीतर बिघडल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. ऐकतो कोण?

आठवड्याभरात फोन सुरू झाले. “तुमच्या ट्रान्समीटरमध्ये गेनच नाही. एडिटवाले बोंबलतायत.” मी विचारलं, सगळे कमी की काही? “काही.” बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. त्या सगळे आधी बदलतात. अहो, ट्रान्समीटरच्या आतला सप्लाय रेग्युलेटेड असतो. बॅटरी उतरली तर सिग्नल तुटेल, मशीन बंद पडेल, पण आवाज हळू होणार नाही. चार नवे ट्रान्समीटर पाठवले, तरी तेच. मग मीच डबा आणि कॅलिब्रेटर घेऊन निघालो.

वाड्यात पोचलो तेव्हा लाइटिंग चाललं होतं. रेकॉर्डिस्ट नवा पोरगा, हुशार पण घाबरलेला. आधीच्या शेड्यूलमधल्या माणसाने गेनचे आकडे एका कागदावर लिहून दिले होते, तेच लावून तो बसला होता. कमी आला की मिक्सरचा ट्रिम, म्हणजे तिथला गेन, वर. ट्रिम वर नेला की आवाजाबरोबर रेडिओची सळसळही वर येते. सासूचं काम करणाऱ्या बाईंच्या संवादामागे अख्खा वेळ तळणीसारखी चुरचुर.

त्या बाईंना मी म्हटलं, ताई, तुमच्या नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोला. त्या बोलल्या. ट्रान्समीटरवर सिग्नलची पातळी दाखवणारे दोन दिवे असतात, उणे वीस आणि उणे दहा डेसिबलचे. माणूस बोलत असताना उणे वीसचा दिवा हिरवा लागलाच पाहिजे आणि जोरातल्या शब्दाला उणे दहाचा. इथे दोन्ही काळे. माझी लॅपल लावली, तोच ट्रान्समीटर, तोच गेन. दिवे लागले. आता ट्रान्समीटर वीक कसा?

ताईंची लॅपल भिंगाखाली धरली. डोक्याशी काळ्या मार्करचा थर. स्पिरिटचा बोळा फिरवला तर खालून लाल खूण निघाली. सीओएस-११डी, पण रेड मार्क. धंद्यात असलेल्यांना सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो. ही कमी सेन्सिटिव्हिटीची आवृत्ती, साध्यापेक्षा नऊ डेसिबल खाली. डब्यावर लावली, काटा सहाच्या जरा वर थांबला. पेटीतल्या काही साध्या होत्या, काही रेड मार्क, आणि सगळ्या वरून सारख्याच काळ्या. कपड्यात दिसू नये म्हणून रंगवल्या की दुसऱ्या कशासाठी, ते रंगवणाऱ्यालाच माहीत.

रेड मार्क वाईट नव्हे, हेही सांगतो. गळा काढून ओरडणारा नट असेल, हाणामारी असेल, तर मी स्वतः तीच देतो. साधी लॅपल तिथे लिमिटरवर (जास्तीचा आवाज दाबणाऱ्या सर्किटवर) आपटत राहते. पण कुजबुजणाऱ्या सासूला रेड मार्क लावून साध्या लॅपलचा गेन ठेवायचा म्हणजे नऊ डेसिबल तिथेच पाण्यात.

ट्रान्समीटर नऊवारीच्या आत बांधलेला होता. काढायचा म्हणजे साडी सोडा, पुन्हा नेसवा, अर्धा तास गेला. मी फोनवर लेक्ट्रो-आरएमचं अॅप उघडलं, फोन लॅपलजवळ नेला आणि ते चिरचिर आवाज वाजवले. त्या आवाजातूनच ट्रान्समीटर हुकूम घेतो. गेन नऊने वर. ताईंनी पुन्हा तीच वाक्यं म्हटली, उणे वीस हिरवा, उणे दहा लुकलुकला. मिक्सरचा ट्रिम खाली आणला आणि सळसळ गेली. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

लाइन प्रोड्यूसरला डबा दाखवला, दोन्ही आकडे दाखवले. तो म्हणाला, “भाऊ, ते सगळं ठीक आहे. पण आवाज कमी आला ना?” झालेल्या भागांचं डबिंग करावं लागलं आणि तो खर्च आमच्या बिलातून कापून घेतला. उरलेली रक्कमही अडकवली. लॅपलवाल्याचं बिल मात्र पूर्ण दिलं, कारण ते रोखीचं होतं. वर सिनेमा-मालिकावाल्यांच्या आरामनगरात बातमी पसरली की आमचे ट्रान्समीटर जुनाट आहेत, आवाज पकडत नाहीत. कुणी पसरवली ते सांगायला ज्योतिषी नको. ठरलेली दोन कामं गेली. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला पाच तारखेला न चुकता येत होता. बायकोने विचारलं, गाळा विकायचा का? मी दलालाला फोनसुद्धा करून ठेवला होता.

तेव्हा तात्या आले. त्यांना सगळं कळलं होतं, पण विषय काढला नाही. नवीन चित्रपट सुरू होतोय म्हणाले, नेहमीसारखे डब्यावर एकेक सेट लावून बघत बसले. मग म्हणाले, “सगळे दे. दुसऱ्या कुणाकडून मी काही घेणार नाही, असं प्रॉडक्शनला लिहून दिलंय. आणि ॲडव्हान्स मागून घे, लाजू नकोस.” त्या ॲडव्हान्समधून हप्ते गेले. चित्रपटाचं काम संपलं तोवर जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परत येऊ लागली होती. काहींनी बोलून दाखवलं, काहींनी काही न बोलता नुसतेच सेट उचलले. ते अडकलेले पैसे बुडीत खात्यात गेले. दोन गल्ल्या पलीकडचा आता लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना ड्रोन भाड्याने देतो.

आता नव्या पोरांसाठी थोडं. विचारलं नाहीत तरी सांगतो. गेन लावायचा तो ट्रान्समीटरवर. तिथे गमावलेलं पुढे कुणी भरून देत नाही. ३२ बिट फ्लोटचा (अगदी हळू आणि अगदी जोरातला आवाजही न बिघडवता नोंदवणारा) रेकॉर्डर घेतला की लेव्हल बघायला नको, असं हल्ली फार ऐकतो. रेकॉर्डर ३२ बिटचा असेल हो, पण त्याच्याकडे जे येतं ते आधी रेडिओतून येतं. सळसळीसकट आलेलं तो सळसळीसकटच जपून ठेवणार. दुसऱ्याने लिहिलेले गेनचे आकडे वापरू नका. नट बदलला, लॅपल बदलली की आकडा बदलला. लेक्ट्रोच्या पाच पिनच्या कनेक्टरवर लॅपल दुसऱ्याकडून बसवून घेतली असेल तर चौथी पिन कुठे जोडलीय ते विचारा. मोकळी सोडली तर लॅपलला दोन व्होल्ट मिळतात, दोन नंबरला जोडली तर चार, आणि सँकेनला किमान तीन लागतात. मोबाइलची, जॅकवर चार पट्ट्या असलेली लॅपल तीन पट्ट्यांच्या ट्रान्समीटरमध्ये खुपसून ‘आवाजच येत नाही’ म्हणत येऊ नका. तिचा माइक शेवटच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी तिथे जाऊन ग्राउंडला टेकते.

आमच्याकडे आता प्रत्येक रेड मार्कच्या कनेक्टरजवळ पिवळी टेप असते आणि पेटीत आकड्यांची चिठ्ठी. डबा तोच, बॅटरी तेवढी बदलतो. लॅपल तपासायचे पैसे आम्ही घेत नाही, कुणाकडूनही घेतलेली असली तरी. मात्र तिच्यासोबत ट्रान्समीटरही आणा, नुसत्या लॅपलवरून मी निम्मंच सांगू शकतो. सोमवारी गाळा बंद असतो. पावसाळ्यात घामाच्या आणि दमटाच्या लॅपल फार येतात, तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून या.