कोपऱ्यातलं एक्सपी आणि आम्ही

नारायण पेठेत सासऱ्यांचा ट्रेडलचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या छपाईयंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं. १९९८ साली शेवटचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारे, निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस मिळेना, तेव्हा मी ट्रेडलशेजारी एक कॉम्प्युटर मांडला. सासरे म्हणाले, "मांड हो, पण खिळ्यांच्या केसा हलवायच्या नाहीत." त्या केसा, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेट्या, अजून तिथेच आहेत. हल्ली त्यांत टोनर आणि जुन्या वायरी राहतात.

त्या मशीनवर विंडोज ९५ होतं, पाठोपाठ ९८ आलं. ती सीडी कुठून आली हे विचारू नका. तेव्हा कुणी कुणाला विचारत नसे. पानं लावायला पेजमेकर ६.५. मराठीच्या बाबतीत मात्र पुण्यात असण्याचा फायदा झाला. सी-डॅकचं आयएसएम इथलंच आणि मॉड्युलरचं श्रीलिपीही इथलंच. मराठी टायपिंगची ही दोन्ही सॉफ्टवेअरं चालायची विंडोजवर, त्यामुळे कॉम्प्युटरची कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आवडते हा प्रश्न आमच्यापुढे पहिली आठ-नऊ वर्षं आलाच नाही. अक्षर जिथे उमटतं तिथे आम्ही.

प्रश्न आला तो पेन ड्राइव्हमुळे. २००६-०७ च्या सुमारास लेखक मंडळी फ्लॉपी सोडून पेन ड्राइव्ह घेऊन येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' आलं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हा व्हायरस खरे फोल्डर लपवायचा आणि त्यांच्या जागी हुबेहूब फोल्डरचं चित्र असलेली स्वतःची फाइल ठेवायचा. तुम्ही फोल्डर समजून क्लिक केलंत की संपलं. ऐन दिवाळी अंकाच्या घाईत आमच्या एका ड्राइव्हवर हे झालं. आतलं सगळं गेलं असं समजून, आता निदान मशीन तरी स्वच्छ होऊ दे, म्हणून ड्राइव्ह फॉरमॅट करण्यात आला. चार फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे चार गठ्ठे, गेले. फाइली होत्या तिथेच होत्या, नुसत्या लपवलेल्या, हे नंतर कळलं. फॉरमॅट करणारी व्यक्ती मी होते. त्या वर्षी संपादकांनी अंक आमच्याकडून उचलला आणि दुसरीकडे नेला. बरोबरच केलं त्यांनी.

दिवाळीनंतर भाचा उबंटूची, म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमच्या एका प्रकाराची, सीडी घेऊन आला. तेव्हा उबंटूवाले मागणी केली की सीडी पोस्टाने फुकट घरी पाठवत. ती घालून त्याने त्याच प्रकारचा एक पेन ड्राइव्ह लावून दाखवला. लपवलेले फोल्डर समोर उघडे दिसत होते आणि ती ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारी व्हायरसची फाइल, शेजारी नुसती पडून होती. तिथे तिला चालताच येत नव्हतं. मला लिनक्स आवडलं ते त्या पाच मिनिटांत. स्वातंत्र्य, मुक्त स्रोत वगैरे मोठ्या गोष्टी भाच्याने नंतर ऐकवल्या, पण माझे चार फर्मे तिथे वाचले असते, मला तेवढं पुरे होतं. एक जुनं मशीन दाराशी ठेवलं, त्यावर उबंटू घातलं आणि त्याचं नाव पडलं 'जकात नाका'. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी नाक्यावर. वर पाटीही लावली: 'पेन ड्राइव्ह स्वतः लावू नये. विचारावे. विचारल्यावरही लावू नये.' पेठेत ती कुणाला उद्धट वाटली नाही.

ब्राउझरची गोष्ट याच्या अगदी उलटी झाली. मला फायरफॉक्स पहिल्या दिवसापासून आवडलं, एका खिडकीत दहा टॅब म्हणजे चैनच होती. पण मराठी वर्तमानपत्रांच्या साइट तेव्हा आपापल्या फॉन्टात असत आणि तो फॉन्ट आपोआप उतरवून घेण्याची युक्ती इंटरनेट एक्सप्लोररलाच जमायची. फायरफॉक्समध्ये अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. मग 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, मिळालं. ते असल्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून दाखवायचं. युनिकोडचंही सरळ नव्हतं. विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट जोडाक्षरांसह दिसायला मूळ सीडी घालून वेगळी फाइल चढवावी लागे आणि ती सीडी... वर सांगितलंच आहे. पहिली विकतची विंडोज मी त्या पायी घेतली.

युनिकोडवर जायचं ठरवलं तेव्हा खरी लढाई बोटांची झाली. आमच्या ताई सरकारी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या, त्यांची बोटं टाइपरायटरच्या कळफलकावर न बघता पळत. मी उत्साहाने इनस्क्रिप्ट हा दुसरा कळफलक आणला. तर्कशुद्ध मांडणी आहे, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं, असं समजावत बसले. ताई तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. शेवटी युनिकोडमध्येही टाइपरायटरचा कळफलक मिळतो हे कळलं आणि तो घालून दिला. त्याच दिवशी दुपारी चहा पुन्हा माझ्या टेबलावर यायला लागला. विंडोज जाऊन लिनक्स आलं तर त्यांना फरक पडला नसता. कळफलक हलवला हे त्यांनी अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

मुद्रितशोधन करणारे काका तर सिस्टिम, ब्राउझर काहीच बघत नाहीत, ते फक्त ल बघतात. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, पण कित्येक फॉन्टांत आधी हिंदी वळणाचे येतात. चांगल्या फॉन्टात दोन्ही असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की आपला ल येतो. ब्राउझरमध्ये दाखवलेल्या प्रूफावर काका लाल पेन घेऊन म्हणाले होते, "हा ल आपल्याकडचा नव्हे." पेन पडद्यावर टेकण्याआधी मी हात धरला. 'दऱ्या'मधला र असाच. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा हाती लागत नाही. एका कादंबरीत डोंगरदऱ्या निम्म्या एका पद्धतीने आणि निम्म्या दुसऱ्या पद्धतीने आल्या होत्या, कारण अर्धी मी टाइप केली होती आणि अर्धी ताईंनी.

मध्यंतरी एका सरकारी कामाची निविदा भरली. ती साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालायची, त्यात जावा नावाचं सॉफ्टवेअर हवं, वर डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं उपकरण. मुदतीच्या रात्री जावा अपडेट झालं आणि सही उमटेना. काम गेलं. त्यानंतर सरकारी निविदांच्या वाटेला गेलो नाही. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररचा आधार काढून घेतला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. कुणाला कारण कळलं नाही, पेढे सगळ्यांनी खाल्ले.

आज सहा मशीनं आहेत. पानं लावण्याचं काम इनडिझाइनवर. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून त्यात देवनागरी नीट बसते, आणि ते लिनक्सवर नाही, म्हणून तीन मशीनं विंडोजवरच राहतील. एका गणिताच्या प्राध्यापकांचं पुस्तक आम्ही झीलाटेकमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवरून पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, केलं. सूत्रं सुरेख आली, पण शेवटच्या क्षणी एक ओळ मागे घ्यायची तर घाम फुटला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. आमची दोन मशीनं २०१६ ची, धडधाकट, पण विंडोज ११ ला त्यांचे प्रोसेसर चालत नाहीत. भंगारात घालायला जीव होईना, तर त्यांवर लिनक्स मिंट घातलं. पत्रव्यवहार, हिशेब, पीडीएफ बघणं, व्हॉट्सॲप वेब, सगळं होतं.

माझं फायरफॉक्स कायम आहे. आमचा तरुण ऑपरेटर क्रोमवाला. क्रोमने जुन्या धर्तीची एक्स्टेंशन बंद केली आणि त्याचं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन गेलं, तेव्हा मी त्याच्या टेबलापाशी आशेने दोन चकरा मारल्या. त्याने यूब्लॉकची लाइट आवृत्ती टाकली आणि म्हणाला, "मॅडम, माझे सगळे पासवर्ड इकडेच आहेत." विषय संपला.

सहावं मशीन कोपऱ्यातलं एक्सपी. एप्रिल २०१४ पासून त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार नाही, इंटरनेटची वायर आम्ही काढून टाकली आहे. त्यात पेजमेकर आणि जुने फॉन्ट आहेत. मागच्या महिन्यात एक गृहस्थ वडिलांच्या कवितासंग्रहाची सीडी घेऊन आले, २००२ साली आमच्याकडेच लावलेला. वडील आता नाहीत, दुसरी आवृत्ती काढायची आहे. सीडी दोनदा अडकून वाचली गेली, फाइल उघडली आणि ताईंनी तेव्हा लावलेलं पान जसंच्या तसं आलं, एका ओळीतल्या चुकलेल्या वेलांटीसकट. काकांनी ती लगेच दाखवली.

त्या मशीनच्या मदरबोर्डवरची बॅटरी केव्हाच संपली आहे, त्यामुळे रोज सुरू केलं की ते १ जानेवारी २००२ तारीख दाखवतं. पन्नास रुपयांचा सेल आहे, ऑपरेटर दोनदा आठवण करून गेला. आणते म्हणून सांगितलंय.