आधी त्यांनी गाडीखाली पाहिलं

मी गाडीतून उतरून हात पुढे केला, तर ते म्हातारे गृहस्थ हात न मिळवता सरळ गुडघ्यावर बसले आणि माझ्या गाडीखाली वाकून पाहू लागले. चामडी हातमोजा घातलेला हात आत घालून त्यांनी सायलेन्सरच्या पत्र्यामागून वाळक्या गवताचा एक पुंजका उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गवत कोमट नव्हतं, चांगलं गरम होतं. कडेच्या दोन-चार काड्या करपून काळपट झाल्या होत्या. "हे घेऊन तू माझ्या कुरणातनं दोन मैल आलास," ते म्हणाले.

ऑगस्ट २०२१ चा तिसरा आठवडा होता. जागा अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, ग्रास रेंज या गावाच्या पुढची एक रँच, म्हणजे गाई पाळायचं मोठं रान. नोव्हेंबरात तिथे हरणाची शिकार करू द्याल का, हे विचारायला मी आलो होतो. ते वाक्य तोंडातून निघायच्या आधीच माझ्या हातात ते गवत होतं. तरी विचारलं. ते "नाही" म्हणाले. आवाज चढवला नाही, कारणही सांगितलं नाही. कारण माझ्या तळहातावरच होतं.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी माण तालुक्यातला, म्हसवडच्या अलीकडच्या एका वाडीतला. बायको डॉक्टर आहे, तिच्या नोकरीमुळे आम्ही मॉन्टानातल्या लुईसटाऊन या गावी आलो. मी घरूनच काम करतो. शिकार मला शेजाऱ्यांनी शिकवली. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मी आजही मानतो. इथली व्यवस्था वेगळी आहे. किती हरणं मारू द्यायची हे राज्य दरवर्षी ठरवतं, परवाना लागतो, आणि १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा अभ्यासक्रम पास व्हावा लागतो. माझा जन्म १९८६ चा, त्यामुळे मी शाळकरी मुलांच्या शेजारी बसून तो केला. एका हरणाचं मटण आम्हाला चार-पाच महिने पुरतं. आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला त्याला फार छान लागतो.

खाजगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची परवानगी हवीच, हा इथला कायदा. पाटी लावलेली नसली तरी हवी. कुंपणाच्या खांबाला वर भगभगीत नारिंगी रंग फासलेला दिसला की समजायचं, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. १९८५ पासून सरकारची ब्लॉक मॅनेजमेंट नावाची एक योजना आहे. तिच्यात रँचवाले आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतात आणि राज्य त्यांना मोबदला देतं. पण योजनेत नसलेल्या रँचेसही खूप आहेत. तिथे एकच रस्ता, दारात जाऊन उभं राहायचं.

हे मला अवघड जायला नको होतं. आमच्याकडे परक्या माणसानं बांधावरून पाय टाकला की लांबूनच हाक येते, "कोण पावनं? कुणीकडं?" त्या हाकेला उत्तर कसं द्यायचं हे मी लहानपणीच शिकलो होतो. आधी गाव सांगायचं, कुणाच्या घरचा ते सांगायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं, आणि मग काम काढायचं. त्या दिवशी मी हे सगळं विसरलो होतो. गाडीतून उतरलो आणि थेट शिकारीवर आलो.

आणि साल कुठलं? १ जुलैला गव्हर्नरनी सगळ्या राज्यात दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली होती. नाकतोडे इतके झाले होते की रस्त्यावरून गाडी गेली की चाकाखाली चरचर आवाज यायचा. जे काही हिरवं उगवलं होतं ते त्यांनी खाल्लं. त्या रँचवर लसूणघासाची एकच कापणी झाली होती, तीही गुडघ्याएवढ्या उंचीची नव्हती. चीटग्रास नावाचं एक परकं गवत इथे माजलंय. त्याची कुसळं आपल्या कुसळी गवतासारखीच मोज्यात घुसतात. ते जूनमध्येच वाळतं आणि कागदासारखं पेटतं.

रँचवाल्याच्या डोक्यात काय चालतं हे मला नंतर त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. त्यांच्या हिशोबानं तिथे एक गाय वर्षभर पोसायला तीसेक एकर गवत लागतं. उभं वाळलेलं गवत म्हणजे त्यांची हिवाळ्याची वैरण. ते जळलं की विकत घ्यायची वैरण, आणि त्या वर्षी वैरणीचा भाव ऐकून लोक फोन ठेवून देत होते. कुंपण जळलं तर मैलाला काही हजार डॉलर. आणि आग लावणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. तो तापलेल्या सायलेन्सरची गाडी उंच गवतावर उभी करतो, डोंगर चढून जातो, मागे धूर निघतो. कुरणातल्या कच्च्या वाटेला मधोमध गवताचा पट्टा असतो. गाडीचं पोट त्याच्यावरून घासत जातं आणि इंजिनाचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर सगळ्यात तापलेला भाग. म्हणून आधी ते माझ्या चेहऱ्याकडे न पाहता गाडीखाली बघत होते.

वणव्याच्या दिवसांत सरकारी निर्बंध असतातच. दुसऱ्या टप्प्याचे लागले की उघड्यावर शेकोटी नाही, दुपारी एकपासून रात्री एकपर्यंत चेनसॉ नाही, ठरलेला रस्ता सोडून गाडी नाही. पण हे नियम बहुतेक वेळा पहिला चांगला पाऊस झाला की उठतात, आणि रँचवाल्याची भीती त्या तारखेला उठत नाही. त्यांच्या जमिनीवर त्यांचा शब्दच शेवटचा आणि मला तसंच असावं असं वाटतं.

मी घरी येऊन बरंच वाचलं. मिसुलाला वणव्यांचा अभ्यास करणारी वनखात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या लोकांनी २०१३ मध्ये रायफलच्या गोळ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पोलादी पत्र्यावर गोळ्या झाडून त्यांचे तुकडे वाळलेल्या पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीत, पाडले, तर पोलादाचे भाग असलेल्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनी सगळ्यात जास्त वेळा ठिणगी धरली. मी तांब्याच्याच गोळ्या वापरतो, कारण हरणाच्या रानात टाकून दिलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहिले तर गरुड ते खाऊन मरतात. गोळी हरणाला किंवा मातीत लागते तेव्हा गोष्ट वेगळी, खडकावर लागली तर सांगता येत नाही. तेव्हापासून रायफलचा नेम मी क्लबच्या मोकळ्या, माती ओढलेल्या मैदानावरच जुळवतो, आणि मागे खडक असेल तर चाप ओढत नाही. त्या पुंजक्यानं मला हे वाचायला लावलं.

त्या रविवारी आईला फोन केला. तिला शिकारीत रस नाही, पण दुष्काळ म्हटलं की ती उठून बसते. २०१३ साली आमच्या दोन गाई आणि बैलजोडी म्हसवडच्या चारा छावणीत होती. आई-वडील तिथेच ताडपत्रीखाली राहायचे, मी पुण्याहून शनिवारी जायचो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती जनावरं इकली म्हाताऱ्यानं?" मी म्हटलं, चाळीस विकली म्हणे. "चाळीस? मग त्यात भाकड किती आन् गाभण किती?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

सप्टेंबरात मी परत गेलो. गाडी मोठ्या खडीच्या रस्त्यावर, फाटकाबाहेर लावली आणि उरलेले दोन मैल चालत गेलो. ते पाण्याच्या टाकीचा पंप उघडून बसले होते. इथे उन्हाळाभर बहुतेक रँचवर एका ट्रकवर पाण्याची टाकी, पंप आणि पाइप चढवून तयार ठेवतात. धूर दिसला की शेजारीपाजारी सगळे ट्रक निघतात. मी शिकारीचा विषय काढला नाही. माझी आई विचारत होती, म्हणून सांगितलं, विकलेल्या गाईंत भाकड किती होत्या आणि गाभण किती.

त्यांनी पाना खाली ठेवला. "पहिल्यांदा म्हाताऱ्या," ते म्हणाले. "मग भाकड. मग जुलै संपला, आणि गाभण कालवडी गेल्या. त्यांच्या आया, आज्या माझ्याच गोठ्यात जन्मल्या होत्या." थोडा वेळ ते पंपाकडेच बघत होते. मग विचारलं, "तुझी आई हे कसं काय विचारते?" मी छावणीचं सांगितलं. माणसंच जनावरं घेऊन चाऱ्याकडे जाऊन राहतात, हे त्यांना नवीन होतं. किती जनावरं असायची, ऊस कुठून यायचा, पाणी टँकरनं कसं यायचं, सगळं त्यांनी बारकाईनं विचारलं. आमच्याकडे डोंगर मुद्दाम पेटवतात, गवत चांगलं येतं म्हणून, हेही मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

निघताना ते म्हणाले, "पाऊस पडला तर फोन कर."

मी ऑक्टोबरभर आकाश बघत होतो. महिन्याच्या मध्यावर एका रात्री पाऊस आणि ओला बर्फ पडला, फार नाही, पण गवत खाली बसेल इतका. दोन दिवस थांबून फोन केला. त्यांनी अटी सांगितल्या आणि मी त्या लिहून घेतल्या. मी एकट्यानंच यायचं. गाडी फाटकाबाहेर, खडीवर. तंबाखू नाही, शेकोटी नाही, गॅसची शेगडीसुद्धा नाही. वाऱ्याचा दिवस असेल तर यायचंच नाही, मग ती शेवटची रविवारची सुट्टी का असेना. आणि हरणाची मादीच मारायची, कारण दुष्काळात हरणं लसूणघासाच्या शेतात आणि गंजीवर येऊन बसतात आणि ती वैरण गाईंची असते.

मी त्यांना एक कार्ड दिलं. त्यावर माझं नाव, फोन, गाडीचा नंबर, ज्या दिवशी येणार तो दिवस, गाडीत काय आहे ते: आग विझवायचा सिलिंडर, फावडं, वीस लिटर पाणी. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या फळ्यावर अग्निशमन दलाच्या नंबरशेजारी टाचलं. ते दल म्हणजे पगारी माणसं नव्हेत. त्यांच्यासारखेच शेजारी, स्वखुशीनं येणारे.

शिकारीचं फार सांगण्यासारखं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, वारा पडलेला असताना, ओढ्याच्या कोरड्या पात्रात म्यूल डिअर जातीच्या हरणाची एक मादी मिळाली. मागे मातीचा उंच काठ होता. एक गोळी पुरली. गाडी आत न्यायची नव्हती, म्हणून पाठीवरच्या फ्रेमला बांधून दोन खेपांत मटण फाटकापर्यंत आणलं, एकूण दहा-अकरा किलोमीटर चाल. दुसऱ्या खेपेला अंधार झाला. फाटकापाशी ते ट्रकमध्ये बसून वाट पाहत होते. उतरले नाहीत, बोलले नाहीत, मी सामान चढवेपर्यंत हेडलाइट तेवढे लावून ठेवले.

२०२१ चा हंगाम २८ नोव्हेंबरला संपला. ३० तारखेच्या रात्री लुईसटाऊनच्या पश्चिमेला, स्टॅनफर्डच्या बाजूला, वाऱ्यात विजेच्या तारेवरून आग लागली. १ डिसेंबरला ताशी शंभर किलोमीटरहून जोराचे झोत होते आणि हवा डिसेंबरची नव्हतीच, इतकी उबदार. ती आग डेंटन गावात शिरली. दोनेकशे वस्तीचं गाव. पंचवीस घरं गेली, धान्य साठवायचे जुने उंच एलिव्हेटर, म्हणजे कोठारं, गेले, पूल जळले. गाव वेळेवर रिकामं केल्यामुळे माणसं वाचली. ज्या महिन्यात इथे बर्फात गाड्या अडकतात त्या महिन्यात हे झालं. आमच्या घरापासून ते गाव साठेक किलोमीटरवर. बायको दिवसभर दवाखान्यात होती, मी मुलीला घेऊन खिडकीशी. वायव्येचं आकाश मातकट पिवळं झालं होतं.

वाऱ्याच्या दिवशी यायचं नाही, ही अट मला ऑक्टोबरात जरा जास्तच कडक वाटली होती.

पुढच्या आठवड्यात माझा फोन वाजला. तेच होते. त्यांनी आपणहून मला केलेला तो पहिला फोन. डेंटनजवळ त्यांच्या ओळखीच्या एकाची जमीन होती, मैलच्या मैल कुंपण जळालेलं, आणि गाई मोकळ्या. "तुझं ते फावडं अजून गाडीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "जाड हातमोजे आण. पक्कडही आण. शनिवारी सकाळी सातला, रस्त्यावरच थांब."

जळलेल्या कुंपणाची तार हातात घेतली की कळतं. वरचा जस्ताचा थर गेलेला असतो, तार राखाडी होते आणि वाकवली की तुटते. म्हणून ती सगळी काढूनच टाकावी लागते. खांब जमिनीपाशी जळून गेलेले, त्यामुळे वरचे तुकडे तारेला लटकत होते. मी तार गुंडाळत पुढे आणि ते मागून खांबांतले खिळे उपसत, असं दुपारपर्यंत चाललं. त्या काळ्या रानात एक गोष्ट मात्र जळली नव्हती. गुरांनी चरून अगदी उघडी केलेली फाटकाजवळची जमीन, आणि तिच्यापाशी आग थांबल्याची एक सरळ रेघ. आमच्याकडे वनखातं जाळरेषा काढतं तशी. ते तिथे बराच वेळ उभे राहिले, मग पायानं ती रेघ थोडी खरवडली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी घराभोवती गाई लवकर चारायच्या."

जेवणाच्या वेळी त्यांनी ट्रकचा मागचा फळा खाली पाडला. मी घरून आणलेलं हरणाचं सुकं मटण आणि चपात्या काढल्या. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायले, आणि आईला सांगायला लावलं की त्यांच्याकडे आता एकशे दहा उरल्या आहेत, त्यांतल्या ऐंशी गाभण.